अपघातातील दुखापत आणि नुकसानभरपाई : सोलापूर जिल्ह्यातील जखमींसाठी व कुटुंबीयांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात रोजगाराचे स्वरूपच असे आहे की यंत्रमागावर उक्ते काम करणारा कामगार, घरी बसून हजारावर बिड्या वळणारी बाई, बाजार समितीतला हमाल आणि हंगामापुरता ऊस वाहणारा ट्रॅक्टरचालक यांच्यापैकी बहुतेकांकडे पगारपत्रक नसते. नुकसानभरपाईचा कायदा मात्र जवळजवळ प्रत्येक दाव्यात हाच प्रश्न विचारतो की अपघातापूर्वी या माणसाची कमाई किती होती आणि दुखापतीमुळे त्यातली किती गेली. हाड किती ठिकाणी मोडले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या प्रश्नाच्या उत्तरावर रक्कम ठरते. म्हणून हा लेख कलमांपेक्षा पुराव्याकडे जास्त लक्ष देतो. ज्यांना कोर्टकचेरीची सवय नाही अशा कुटुंबाने अपघाताच्या दिवसापासून काय करावे, हे यात क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : उपचार आणि रुग्णालयातील नोंद

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. पोलीस येईपर्यंत किंवा गुन्हा दाखल होईपर्यंत उपचार थांबवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सरकारी व खासगी अशा दोन्ही डॉक्टरांवर हे बंधन घातले आहे. जखमीला उचलून आणणाऱ्या वाटसरूलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. लोक केवळ पोलिसांच्या भीतीने रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ थांबत नाहीत, म्हणून ही गोष्ट गावोगावी माहीत व्हायला हवी.

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचाराची योजना अधिसूचित केली आहे. तिच्यानुसार नामनिर्देशित रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळू शकतात. दाखल करतानाच या योजनेबद्दल स्पष्ट विचारावे.

रुग्ण सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात नेला असो वा खासगी दवाखान्यात, प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, जिला सगळे एमएलसी म्हणतात, झाली आहे ना हे त्याच दिवशी पाहावे. केसपेपरवर दुखापत कशी झाली याविषयी पहिल्यांदा जे लिहिले जाते, ते पुढे वर्षानुवर्षे दाव्याच्या मागे राहते. घाबरलेल्या नातेवाइकाने 'गाडीवरून पडला' एवढेच सांगितले आणि डॉक्टरांनी तेवढेच लिहिले, तर मागून ट्रकने धडक दिली होती हे पटवून देणे नंतर फार कठीण जाते. त्यामुळे वाहनाचा प्रकार, ठिकाण, वेळ आणि अपघाताची रीत एकाच वेळी नीट सांगावी. औषधांची बिले, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रुग्णवाहिकेची पावती, नंतरच्या फिजिओथेरपीची बिले हे सर्व एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवावे. थर्मल कागदावरची बिले काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्यांच्या झेरॉक्स लगेच काढाव्यात. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे हे डॉक्टरांच्या व्यावसायिक नियमांनुसार बंधनकारक आहे.

दुसरी पायरी : पोलिसांकडील कागद

सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय आणि उरलेल्या जिल्ह्यासाठी सोलापूर ग्रामीण पोलीस अशी विभागणी आहे. हद्दीच्या कारणावरून कोणी परत पाठवत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे नम्रपणे सांगावे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते आणि ती मागून घ्यावी. निष्काळजीपणे वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, दुखापतीसाठी कलम १२५ आणि मृत्यू झाल्यास कलम १०६ लावले जाते.

घटनास्थळाचा पंचनामा, वाहनांचा तपासणी अहवाल, चालकाचा परवाना, वाहनाची नोंदणी व विमा यांच्या प्रती या दाव्याचा कणा आहेत. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी तपास अधिकाऱ्यावर वेळापत्रक घातले आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ (४) नुसार हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. तरीही कुटुंबाने त्यावर विसंबून राहू नये. अहवाल गेला की नाही हे ठाण्यात विचारत राहावे आणि स्वतंत्र अर्जाची तयारी चालू ठेवावी.

रस्त्यावरच किंवा दवाखान्याच्या दारात वाहनमालक काही हजार रुपये देऊन 'आपसांत मिटवू, तक्रार नको' असे म्हणतो, तेव्हा हातात पैसा नसलेल्या घराला तो प्रस्ताव बरा वाटतो. त्या वेळी पायाचे हाड जुळेल की पाय कायमचा आखूड राहील, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. आमची काही तक्रार नाही, अशा मजकुरावर किंवा कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. उपचाराला पैसे घेतलेच, तर किती व कशासाठी घेतले याची नोंद ठेवावी.

तिसरी पायरी : दुखापत कशामुळे झाली, त्यावरून दाद कुठे मागायची

सर्वांत अधिक दावे वाहन अपघातांचे असतात. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग, धाराशिवकडून विजयपूरकडे जाणारा रस्ता आणि गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, हे सगळे आपण रोज पाहतो. असे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात आणि त्यांची पद्धत पुढच्या पायऱ्यांत सविस्तर दिली आहे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. तो अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो, न्यायालयात नव्हे. वाहन माहीत आहे पण चूक कोणाची हे सिद्ध करण्याच्या फंदात पडायचे नसेल, तर कलम १६४ प्रमाणे मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. हा मार्ग पत्करला की चूक सिद्ध करून मागायचा कलम १६६ चा मोठा दावा सोडावा लागतो. म्हणून तरुण आणि कमावत्या माणसाच्या बाबतीत ही घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कामावर झालेली दुखापत वेगळी. अक्कलकोट रस्ता किंवा चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मशीनमध्ये हात सापडला, तर आधी पाहायचे ते हे, की कामगार राज्य विमा योजनेत नोंदलेला आहे का. मासिक २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्यात येतात. नोंदणी असेल तर उपचार योजनेच्या रुग्णालयात होतात, तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि मालकाविरुद्ध भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. नोंदणी नसेल तर मालक स्वतः जबाबदार. त्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता, त्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि पूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, ही पद्धत दोन्हींत सारखीच आहे. मालकाने महिन्याभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज आणि निम्म्या रकमेपर्यंत दंडही लागू शकतो. दावा दोन वर्षांच्या आत करावा. 'कंत्राटदाराचा माणूस होता, आमचा नव्हता' हे उत्तर मुख्य मालकाला सहजासहजी वाचवत नाही, हे कामगारांनी पक्के लक्षात ठेवावे.

सोलापूर हे रेल्वेचे विभागीय ठिकाण असल्याने रेल्वेतून पडून झालेल्या दुखापतीही इथे नव्या नाहीत. गाडीत चढता-उतरता किंवा चालत्या गाडीतून तोल जाऊन पडणे हे रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ मध्ये बसते, आणि तिथे प्रवाशाच्या निष्काळजीपणाचा प्रश्न येत नाही. मृत्यूसाठी ८ लाख रुपये ठरलेले असून दुखापतींसाठी प्रकारानुसार रकमा आहेत. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात अर्ज करावा. तिकीट सापडले नाही म्हणून दावा आपोआप बुडत नाही. रीना देवी प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की प्रवासाविषयीचे प्रतिज्ञापत्र व इतर परिस्थिती पाहिली जाईल.

शेतात तुटून पडलेल्या तारेचा धक्का लागल्यास पोलिसांबरोबरच विद्युत निरीक्षकांकडे लेखी कळवावे. त्यांचा अहवाल निर्णायक ठरतो, आणि वीज कंपनीची चूक वेगळी सिद्ध करावी लागत नाही असे २००२ पासून सर्वोच्च न्यायालयाचे धोरण आहे. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. तालुका कृषी कार्यालयाकडे ३० दिवसांत प्रस्ताव द्यायचा असल्याने याला उशीर करू नये. उपचारातील हलगर्जीची तक्रार पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत करता येते, मात्र दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे लेखी मत हाती असल्याशिवाय ती टिकणे अवघड असते. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या अपघातांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूस ६ लाख आणि दुखापतीस ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हल्ला, ॲसिडहल्ला किंवा लैंगिक अत्याचारातील पीडितांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. पीडित नुकसानभरपाई योजना व मनोधैर्य योजना तिथून राबवल्या जातात आणि आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही.

चौथी पायरी : कमाईचा पुरावा

यंत्रमाग कामगाराने कारखानदाराच्या आठवडी हिशेबाच्या चिठ्ठ्या, बँकेत जमा झालेल्या मजुरीचा उतारा आणि शक्य असेल तर मालकाचे पत्र मिळवावे. मालक पत्र देतो, पण साक्षीला येत नाही, असा प्रकार वारंवार घडतो. म्हणून पत्रावरच थांबू नये, शेजारच्या मागावरच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला साक्षीसाठी विचारून ठेवावे. बिडी कामगार महिलेकडे ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद असते, आणि ती सरकारी नोंद असल्याने तिचे वजन मोठे असते. हमालासाठी माथाडी मंडळाची नोंदणी, रिक्षाचालकासाठी परमिट आणि कर्जाच्या हप्त्यांचा उतारा, दुधाचा जोडधंदा असेल तर दूध संघाची बिले, ऊस उत्पादकासाठी कारखान्याच्या बिलाच्या पावत्या उपयोगी पडतात. फोनवरून जमा होणाऱ्या लहान रकमांचा वर्षभराचा उतारा हा फेरीवाल्यांसाठी आज चांगला पुरावा आहे.

काहीच कागद नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतन किंवा अंदाजे उत्पन्न धरते, आणि तो अंदाज खऱ्या कमाईपेक्षा कमीच निघण्याची भीती असते. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत 'ती कमावत नव्हती' असे उत्तर चालत नाही. २०२१ च्या कीर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे असे ठामपणे सांगितले. हे पतीने आणि मुलांनीही समजून घ्यावे, कारण पुष्कळदा घरचेच लोक तिच्या दुखापतीचा दावा मोठा धरत नाहीत.

पाचवी पायरी : अपंगत्व आणि रकमेचा हिशेब

अधिकृत मंडळाकडून मिळालेले अपंगत्व प्रमाणपत्र शरीराची हानी टक्क्यांत सांगते. न्यायाधिकरणाला मात्र त्या माणसाच्या धंद्यातली हानी पाहायची असते. हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने नीट समजावला आहे. एकाच हाताची दोन बोटे गेलेला कारकून जवळजवळ पूर्वीसारखे काम करू शकेल, पण तुटलेला धागा क्षणात जोडणाऱ्या विणकराचे हातावरचे पोटच जाऊ शकते. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावून 'हा माणूस आपले पूर्वीचे काम करू शकतो का' हा प्रश्न विचारणे अत्यावश्यक आहे. वकिलांना तसे आधीच सांगून ठेवावे.

उदाहरणाने पाहू. समजा, ३४ वर्षांच्या विणकराची कमाई महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार रुपये आहे. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के जोडले जातात, म्हणून रक्कम २ लाख ५२ हजार होते. ३१ ते ३५ वयासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाने ठरवलेला गुणक १६ आहे. डॉक्टरांनी लिहिलेले ३० टक्के अपंगत्व तसेच धरले, तर कमाईच्या नुकसानीचे १२ लाख ९ हजार ६०० रुपये निघतात. धंद्यातली हानी ६० टक्के आहे हे पटवता आले, तर तोच आकडा २४ लाख १९ हजार २०० होतो. दुप्पट रक्कम एका साक्षीवर अवलंबून असते ती अशी. याशिवाय झालेला व पुढे लागणारा उपचारखर्च, वेदना, आहार, मदतनीस, प्रवास, उपचारकाळात बुडालेली मजुरी या रकमा वेगळ्या मागायच्या. मृत्यूच्या दाव्यात अपंगत्वाऐवजी मृताचा स्वतःचा खर्च वजा करतात. अविवाहितासाठी तो निम्मा, दोन-तीन अवलंबितांच्या विवाहित माणसासाठी एक तृतीयांश धरला जातो.

सहावी पायरी : अर्ज, मुदत आणि विमा कंपनीची उत्तरे

अपघात कर्नाटकात, तेलंगणात किंवा पुण्याजवळ झाला असला तरी अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो, म्हणून सोलापूरच्या माणसाला परगावी खेटे घालावे लागत नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ (३) ने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात असून केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये देण्यात आला. तरी आपला अर्ज सहा महिन्यांच्या आतच करावा, कारण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुटुंबाचे भवितव्य ठेवणे शहाणपणाचे नाही. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे.

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि मर्यादित उत्पन्न असलेले लोक यांना जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. खासगी वकील नेमल्यास फी किती व केव्हा हे लेखी ठरवावे. मिळणाऱ्या रकमेचा वाटा फी म्हणून मागणे वकिलांच्या नियमांत बसत नाही.

विमा कंपनी काय म्हणेल हे आधीच ठाऊक असलेले बरे. मालवाहू टेम्पोतून वऱ्हाड किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पंढरपूरला भाविक जात असतील, तर ते फुकटचे प्रवासी असल्याने आमची जबाबदारी नाही असे कंपनी सांगते आणि हे म्हणणे अनेकदा मान्य होते. मग वसुली मालकाकडून करावी लागते. केवळ कायदेशीर किमान विम्यात मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला संरक्षण नसते. वारीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत हे माहीत असणारी माणसे फार थोडी असतात, याचे वाईट वाटते. दुसरीकडे, तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते. दोन वाहनांची धडक होऊन रिक्षातला प्रवासी जखमी झाला, तर तो दोघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून वरच्या पद्धतीने स्वतःचा हिशेब मांडून, उपचार संपल्यावर आणि अपंगत्व निश्चित झाल्यावरच आकडा स्वीकारावा. निवाड्यानंतर विधवा व अल्पवयीन मुलांच्या वाट्याची रक्कम बहुधा मुदत ठेवीत गुंतवण्याचा आदेश होतो. आजारपण, शिक्षण किंवा घरदुरुस्तीसाठी ती आधी काढायची असल्यास कारण देऊन त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. रक्कम कमी वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावे, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) सुरू झाल्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील अपिलांसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.